नदीकाठच्या जंगलात कुत्र्याला पहिल्यांदा नेताय? मग हे वाचून निघा

रस्त्यावर आणि बागेत शहाण्यासारखा चालणारा कुत्रा नदीकाठच्या झाडीतही तसाच चालेल असं धरून जाऊ नका. कुत्रा बिघडलेला नसतो, जागा वेगळी असते. एरवी आपण त्याला दोन गोष्टींवर सांभाळत असतो, तो आपल्याला दिसत असतो आणि आपली हाक त्याला ऐकू जात असते. खोऱ्यात उतरलं की दोन्ही जातात. पाण्याचा आवाज अखंड चालू असतो, त्यात थोड्या अंतरावरची हाकही विरून जाते, आणि झाडी अशी असते की वाटेवरून दहा पावलं आत शिरलेला कुत्रा गायब. वर नाकाला नुसती मेजवानी, नवनवे वास. म्हणून खाली जे सांगतेय ते बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरतं, की हाक आणि नजर दोन्ही नसताना कुत्रा हाताशी कसा ठेवायचा. बाकी बॅग, बाटली वगैरे कुणालाही जमतं.

पायरी १: कुत्रा जाण्यासारखा आहे का ते आधी बघा

पिल्लू असेल तर लसीकरण पूर्ण होऊन दोन आठवडे झाल्याशिवाय नदीकाठी नेऊच नका. आणि नेलंत तरी लांब चालवू नका, कारण हाडांच्या टोकाचा वाढीचा भाग अजून कच्चा असतो, मोठ्या जातींमध्ये तर दीड वर्षापर्यंत. वर्षाच्या आतल्या पिल्लाला छोटीशी फेरी, थोडी हुंगाहुंगी, घरी.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, एक प्रश्न मुद्दाम विचारा, लेप्टोची लस झालीय का? लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशी आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात येतात, साचलेल्या पाण्यात टिकून राहतात आणि जखमेतून किंवा तोंड-नाक-डोळ्यांतून शरीरात शिरतात. किडनी आणि लिव्हर दोन्हीवर घाला घालणारा आजार आहे आणि तो माणसालाही होतो. पहिल्यांदा देताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस असतात आणि नंतर दर वर्षी एक, म्हणजे उद्या फिरायला जायचं म्हणून आज टोचून भागत नाही.

गोचिडाचं औषध चालू हवंच. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, मानेवर थेंब टाकायचं औषध लावल्यावर साधारण दोन दिवस कुत्र्याला पाण्यात सोडायचं नसतं. एक तर औषध धुऊन जातं, आणि दुसरं म्हणजे त्यातली फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिडसारखी द्रव्यं पाण्यातल्या किड्यांना फार घातक असतात, आणि तेच किडे माशांचं खाणं. कुत्रा नेहमी पोहणारा असेल तर पोटात द्यायच्या गोळीबद्दल व्हेटशी बोला, माझं मत गोळीच्या बाजूने आहे.

पग, बुलडॉग, शित्झू असल्या चपट्या नाकवाल्यांना खोऱ्यातला उतार सोपा वाटतो, परतीचा चढ जीवावर येतो. त्यांना न्यायचंच असेल तर सपाट वाट आणि गार सकाळ. म्हातारा, जाडा, हृदयाचं दुखणं असलेला, यांनाही तेच.

पायरी २: शिट्टी, आणि ती घरीच शिकवायची

लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ही पायरी करा. हाक नदीच्या आवाजात हरवते, शिट्टीचा उंच पट्टीतला स्वर त्यातून आरपार जातो. शिवाय आपण घाबरलो की आवाज बदलतो, किंचाळल्यासारखा येतो, आणि कुत्र्याला वाटतं काहीतरी बिनसलंय, कशाला जवळ जायचं. शिट्टी नेहमी सारखीच वाजते.

साधी प्लास्टिकची शिट्टी घ्या, आत गोटी नसलेली, म्हणजे भिजली तरी अडकत नाही. एक ठरावीक धून पकडा, मी दोन छोट्या आणि एक लांब असं करते. सुरुवातीला कुत्रा समोरच असताना वाजवायची आणि लगेच तोंडात काहीतरी जबरदस्त द्यायचं, रोजचं बिस्किट नाही हां, जे त्याला एरवी कधीच मिळत नाही असं. ते फक्त शिट्टीसाठीच राखून ठेवायचं. दोन-चार दिवसांनी दुसऱ्या खोलीतून, मग बाहेर मोकळ्या जागी लांब पट्ट्यावर, मग दुसरे कुत्रे आसपास असताना, मग तो एखाद्या वासात गुंतलेला असताना. आधीची पायरी दहापैकी नऊ वेळा जमत नाही तोपर्यंत पुढची नको. घाई केली की शिट्टी म्हणजे आणखी एक आवाज, बस.

आणि दोन गोष्टी कधीच करायच्या नाहीत. उशिरा आला म्हणून रागवायचं नाही, कितीही जीव टांगणीला लागलेला असो, कारण त्याच्या हिशोबात त्याला ओरडा येण्याबद्दल बसतो, जाण्याबद्दल नाही. आणि शिट्टी फक्त घरी न्यायच्या वेळी वाजवायची नाही, नाहीतर चार दिवसांत त्याला कळतं की शिट्टी म्हणजे मजा खलास. मधेमधे बोलवा, द्या, परत सोडा.

लांबून दिसेल अशी हाताची खूण पण बसवा, दोन्ही हात बाजूला पसरले की ये, एवढी पुरते. धबधब्याजवळ शिट्टीही कमी पडते.

पायरी ३: पट्टा आणि हार्नेस

बटण दाबलं की आत ओढला जाणारा दोरीचा पट्टा घरी ठेवा. ती बारीक दोरी झाडाभोवती फिरते, झुडपात गुंतते आणि हातावरून सर्रकन गेली तर कातडी सोलते. दोन पट्टे न्या, एक दीड-दोन मीटरचा नेहमीचा आणि एक आठ-दहा मीटरचा लांब. लांब पट्टा कापडी असला की पाणी आणि चिखल पिऊन जड होतो, म्हणून बायोथेनसारखा प्लास्टिकचं आवरण असलेला बरा, पुसला की साफ. त्याच्या टोकाला हातात घालायची कडी असेल तर ती कापून टाका किंवा तशी नसलेलाच घ्या, कारण तो जमिनीवरून घसटत जातो तेव्हा कडी मुळांमध्ये अडकते. आणि लांब पट्टा कधीही गळ्यातल्या कॉलरला लावायचा नाही. कुत्रा पूर्ण वेगात दहा मीटर धावून झटक्याने थांबला तर सगळा हिसका मानेवर येतो.

म्हणून हार्नेस. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा येणारा, खांदे मोकळे सोडणारा, आणि पाठीवर धरायला हँडल असलेला. ते हँडल दिखाव्याला नाही, चिखलाच्या कडेवरून किंवा दोन दगडांमधून कुत्र्याला वर उचलायला त्याच्याइतकं कामाचं काही नाही. कॉलर असू द्या पण त्यावर फोन नंबरची पट्टी शिवलेली किंवा कोरलेली, लोंबणारा बिल्ला नको. मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप, असेल तर तिच्या नोंदणीतला फोन नंबर चालू आहे ना ते बघा, लोक नंबर बदलतात आणि चिपचं नोंदणी खातं तसंच राहतं.

दाट झाडी असेल तर हार्नेसला छोटी घंटी बांधा. नजर नसली तरी कान लावता येतो, आणि झुडपातले प्राणीही आधीच सावध होऊन बाजूला होतात.

पायरी ४: वाट आणि वेळ

पहिल्या फेरीला नकाशात सगळ्यात सुंदर दिसणारी वाट निवडू नका, सगळ्यात कंटाळवाणी निवडा. रुंद, सपाट, नदीपासून थोडी वर, आणि जिथून जाल तिथूनच परत येणारी. एकदा स्वतः कुत्र्याशिवाय चालून या. पाण्याला कुठे सहज उतरता येतं, कुठे कडा तुटलाय, कुठे पूल आहे, कुठे फोनला रेंज येते हे बघून ठेवा. खोऱ्याच्या तळाशी रेंज बहुतेक नसतेच, नकाशा आधीच डाउनलोड करा आणि कुणालातरी सांगून निघा. कुत्र्यांना परवानगी आहे का, पट्टा सक्तीचा आहे का, तेही आधीच बघा. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी कुत्रा मोकळा सोडायला बंदी असते आणि ती योग्यच आहे, एकदा उठलेला पक्षी परतेपर्यंत अंडी गार पडतात.

वरच्या अंगाला धरण आहे का? असेल तर पाणी कधी सोडतात याची चौकशी करून जायचं. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज जड झाला, की तिथे थांबून बघत बसू नका, सरळ उंचावर चढा.

वेळ सकाळची. एक कारण ऊन, दुसरं कारण वास. दिवस तापला की हवा उताराने वर सरकते, आणि संध्याकाळी गार झालेली जड हवा दोन्ही उतारांवरून खाली ओघळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते, सोबत वरच्या सगळ्या प्राण्यांचे वास घेऊन. त्याच वेळी प्राणीही पाण्यावर यायला लागतात. म्हणजे संध्याकाळी कुत्र्याच्या नाकासमोर अख्ख्या डोंगराची बातमी येत असते आणि आपण त्याला म्हणतो इकडे बघ. शिवाय तळाशी अंधार लवकर पडतो, वर आकाश उजळ दिसत असतं आणि पायाखालचं दिसेनासं होतं.

परत कधी फिरायचं ते निघतानाच ठरवा. उतरताना जेवढा वेळ लागला त्याच्या दीडपट वर यायला धरा. नवख्या कुत्र्याला सगळं मिळून तासभर खूप झाला, नवीन वासांनी डोकंही दमतं.

पायरी ५: बॅगेत काय

पाणी घरचं. वीस किलोच्या कुत्र्याला घरात बसूनच दिवसाला साधारण एक ते सव्वा लिटर लागतं, चालताना त्याहून जास्त, तेव्हा त्याची वेगळी लिटरभराची बाटली आणि घडी होणारा वाडगा. नदी शेजारी असताना पाणी कशाला वाहायचं असं वाटतं, पण आधी घरचं पाणी पोटभर पाजलं की नदीचं प्यायची ओढच कमी होते.

बाकी टोकदार चिमटा किंवा गोचीड काढायचा हुक, गॉज, चिकटून राहणारं बँडेज, सलाइनची छोटी बाटली, जुना टॉवेल, विष्ठेच्या पिशव्या, जवळच्या व्हेटचा नंबर कागदावर. मोठा कुत्रा असेल तर जाड चादर, दुखापत झाली तर दोघांनी त्यात घालून उचलता येतं. माणसांची अंगदुखीची गोळी द्यायची नाही, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

पायरी ६: चालायला लागल्यावर

पहिली दहा-पंधरा मिनिटं छोट्याच पट्ट्यावर. गाडीतून उतरल्या उतरल्या तो भरलेला असतो, त्याला हुंगू द्या, शू-शी होऊ द्या, विष्ठा उचला आणि पिशवी सोबत घ्या, झाडाला लटकवून ‘येताना नेऊ’ म्हणणारे येताना विसरतात. जंगलात कुजून जाईल हा गैरसमज आहे, त्यातली जंतांची अंडी मातीत महिनोन्महिने राहतात आणि पावसाने सरळ पाण्यात जातात.

श्वास जरा शांत झाला, आपल्याकडे मागे वळून बघायला लागला, की मग लांब पट्टा. पूर्ण मोकळं सोडायचं की नाही? पहिल्या काही फेऱ्यांना नाही. नंतरही फक्त जिथे समोरचं लांबवर दिसतं तिथेच, आणि वळण आलं की जवळ बोलावून एकत्र वळायचं. वळणापलीकडे गुरं असतील, लहान मूल असेल, कुत्र्याला घाबरणारं माणूस असेल. ‘काही करत नाही हो तो’ हे वाक्य समोरच्याला काही उपयोगाचं नसतं. बाजूला व्हा, पट्टा आखूड करा, त्यांना जाऊ द्या.

पाठलागाच्या आधीचा क्षण ओळखायला शिका, खरी मेख तिथे आहे. धावत सुटलेल्या कुत्र्याला शिट्टी ऐकू येते पण पोचत नाही. त्याआधी एक-दोन सेकंद तो थांबतो, मान वर किंवा एकदम पुढे, कान ताठ, तोंड बंद. धापणारं तोंड अचानक बंद झालं की समजायचं काहीतरी लागलंय. शेपटी कडक होते, कधी एक पुढचा पाय अधांतरी. शिट्टी तेव्हा. आणि तो वळला तर त्या राखून ठेवलेल्या खाऊची मूठच मोकळी करा, एक तुकडा नाही.

काठ्या फेकू नका. नदीकाठी हव्या तेवढ्या पडलेल्या असतात म्हणून मोह होतो, पण काठी जमिनीत तिरकी रुतते आणि धावत आलेल्या कुत्र्याच्या घशात घुसते. तरंगणारं मऊ खेळणं न्या.

पायरी ७: पाणी

सगळेच कुत्रे पोहतात हे खरं नाही. पाय मारतात सगळे, पण बुलडॉग, बॅसेटसारखे जड छातीचे आणि आखूड पायांचे बुडतात. लॅब्रेडॉरला सुद्धा पहिल्यांदा वाहतं पाणी कळत नाही, त्याला तळं आणि नदी एकच वाटते.

जागा कशी निवडायची? नदी जिथे वळते तिथे बाहेरच्या बाजूने पाणी जोरात कापत जातं, तो काठ उभा, खोल आणि खालून पोखरलेला असतो. आतल्या बाजूला पाणी मंदावतं, वाळू-गोटे साचतात, उतार हळूहळू जातो. उतरायचं ते आतल्या बाजूने. मग पाण्यात एक काटकी टाका आणि तिच्या शेजारी काठाने चाला, ती तुमच्या चालीपेक्षा पुढे गेली तर आज पाणी नको. त्यानंतर खालच्या अंगाला पन्नास-साठ पावलं जाऊन बघून या. बघायचं काय, तर आडवं पडलेलं झाड. झाडाच्या फांद्यांमधून पाणी निघून जातं पण कुत्रा नाही जात, गाळणीत अडकल्यासारखा तो तिथे दाबला जातो. नदीतली सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच आणि दिसायला अगदी निरुपद्रवी. तसं झाड, बंधारा किंवा खळाळ खाली असेल तर ती जागा सोडा.

जागा ठीक असेल तर गळ्यातली सैल कॉलर काढा, हार्नेस किंवा लाइफ जॅकेट ठेवा. तुम्ही आधी घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहा, त्याला ओढू नका, ढकलू तर अजिबात नका. आमची पहिल्या वेळी नुसती काठावर भुंकत होती, मग एक पंजा बुडवून मागे, मग दोन, मग पाणी चावायचा उद्योग, आणि बराच वेळ गेल्यावर अचानक बाईसाहेब पोटापर्यंत पाण्यात, जसं काही कल्पना त्यांचीच. जोरात वाहणारं पाणी पोटाला टेकलं की पाय उचलले जातात, तेव्हा सुरुवातीला सीमा तिथेच. लांब पट्टा लावून वाहत्या पाण्यात पोहायला सोडू नका, दगडाखाली अडकला तर पट्टाच त्याला खाली ओढतो. म्हणजे एक तर संथ उथळ पाणी किंवा पाणीच नाही.

पाण्याचा रंग बघा. साचलेल्या किंवा मंद पाण्यावर हिरव्या रंगाचा साय आल्यासारखा थर, किंवा मटारच्या सूपसारखं हिरवंगार पाणी दिसलं तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. काही प्रकारांत लिव्हरवर किंवा मज्जासंस्थेवर जाणारं विष असतं आणि कुत्रा काही तासांत, कधी त्याआधीच दगावतो. प्यायचं नाहीच, पण अंगाला लागलेलं चाटूनही पोटात जातं, म्हणून चुकून गेलाच तर चाटायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट व्हेट.

सारखं सारखं पाण्यातून खेळणं आणायला लावलं की प्रत्येक वेळी घोटभर पाणी पोटात जातं. ते फार झालं तर रक्तातलं सोडियम खाली येतं, कुत्रा झोकांड्या देतो, उलट्या करतो, पोट फुगतं. दहा मिनिटं खेळ, मग बाहेर आराम.

आणि कुत्रा वाहून जायला लागला तर? तुम्ही उडी मारायची नाही. किती अवघड आहे ते कळतं मला, पण कुत्रा बऱ्याचदा पुढे कुठेतरी स्वतःहून काठाला लागतो, मागे उडी मारलेलं माणूस लागत नाही. काठाने खालच्या दिशेला पळा, त्याच्या पुढे जा, जिथे काठ उतरता आहे तिथे उभं राहून शिट्टी आणि हाताची खूण, म्हणजे त्याला कळतं कुठे यायचं. बाहेर आल्यावर अगदी ठणठणीत दिसला तरी पाणी नाकातोंडात गेलं असेल तर व्हेटला दाखवा, फुफ्फुसाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

पायरी ८: ऊन आणि दमणं

नदीकाठी सावली असते म्हणून ऊन लागत नाही असं नाही. दमट हवेत धापून अंग गार होत नाही, आणि कुत्र्याकडे धापण्याशिवाय फारसा उपाय नसतो, घाम फक्त पंजांना येतो. नॉर्मल तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, ४१ च्या वर गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात. जीभ फार लांब आणि रुंद बाहेर, लाळ चिकट, हिरड्या लालभडक, चाल अडखळती, हाकेला प्रतिसाद नाही, यातलं काही दिसलं की तिथल्या तिथे सावलीत आणा आणि अंगभर पाणी ओता, पोट, मांड्या, छाती, हाताने केसांच्या आत पोचवा आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होऊन उष्णता कोंडतो. आधी गार करणं, मग गाडीत घालणं, गाडीतही एसी चालू ठेवून व्हेटकडे.

एक सवय लावून घ्या, घरी आरामात असताना हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत गुलाबी होतो. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा रंग माहीत असला की जंगलात फरक लगेच कळतो.

पायरी ९: साप, बेडूक, माश्या

साप चावला असं वाटलं तरी कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही करायचं नाही. हार्नेस-कॉलर काढा कारण सूज येते, शक्य असेल तर उचलून न्या, चालवू नका, आणि ज्यांच्याकडे प्रतिविष आहे अशा ठिकाणी आधी फोन. साप शोधायला, फोटो काढायला मागे थांबू नका.

खरबरीत अंगाचा बेडूक तोंडात धरला आणि फेस यायला लागला तर ओल्या कापडाने हिरड्या-जीभ पुसा, पाणी घालायचं तर तोंड खाली करून बाजूने, घशात जाता कामा नये.

मधमाशी चावली तर नांगी नखाने खरवडून काढा. तोंडात-घशात चावली किंवा चेहरा सुजायला लागला तर वाट बघायची नाही.

पायरी १०: दिसेनासा झाला तर

सगळे वेगवेगळ्या दिशांना पळू नका. जिथे शेवटचा दिसला तिथे एकाने थांबायचं, शिट्टी वाजवायची आणि मग गप्प बसून घंटी ऐकायची, हे गप्प बसणं कुणी करत नाही. बरेच कुत्रे गेलेल्या वासानेच माघारी येतात आणि आपण तोवर भलतीकडे गेलेलो असतो. दुसऱ्याने गाडीपाशी जायचं. अंधार पडला आणि निघावंच लागलं तर अंगातला न धुतलेला शर्ट आणि त्याचा वाडगा शेवटच्या जागी ठेवून जा, पहाटे परत या. दिसला तर त्याच्यामागे धावू नका, खाली बसा, तिरकं बघा, येऊ द्या.

पायरी ११: घरी आल्यावर

गाडीत बसवण्याआधीच एकदा आणि घरी सावकाश एकदा अंग तपासायचं. बोटं केसांच्या उलट दिशेने फिरवत जा. गोचिडांच्या आवडत्या जागा म्हणजे कानाच्या आतली घडी, पापण्या, ओठांची कड, कॉलरखाली, काखा, जांघ, शेपटीच्या खाली आणि बोटांच्या मधे. लहान गोचीड तिळाएवढं असतं, डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळतं. सापडलं की केस बाजूला करा, चिमट्याचं टोक कातडीला अगदी टेकवून गोचिडाच्या तोंडापाशी धरा, फुगलेल्या पोटाला धरू नका, आणि एकसारखा जोर लावत सरळ वर ओढा. हुक असेल तर तो खाली सरकवून हळू फिरवत उचलायचा. क्षणभर कातडी तंबूसारखी वर येते आणि मग गोचीड सुटतं. तेल, रॉकेल, काडीने चटका असले प्रकार नकोत, त्याने ते पोटातलं रक्तात ओकतं आणि आजार त्यातूनच जातो. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर उकरू नका, कातडी स्वतःच बाहेर टाकते. जागा साफ करा, हात धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, मलूलपणा, खाणं सोडणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी यातलं काही दिसलं तर व्हेटला ती तारीख सांगा, एर्लिकिया आणि बॅबेसिया या गोचिडातून होणाऱ्या आजारांची तपासणी लवकर होते.

बोटांमध्ये गवताची कुसळंही बघा. ती एकाच दिशेने आत सरकतात, मागे येत नाहीत. फिरून आल्यावर एकदम शिंका सुरू झाल्या, किंवा एका बाजूला डोकं झटकत राहिला तर नाकात-कानात कुसळ असण्याची शक्यता धरा, घरी कोरत बसू नका.

कान कोरडे करा, लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना तर नक्कीच. अंगातला चिखल साध्या पाण्याने धुवा, पंजांच्या गाद्यांवर चीर आहे का बघा. पोहून आल्यावर दुसऱ्या दिवशी शेपटी बुडाशी आडवी आणि पुढे लुळी लोंबताना दिसली तर बहुतेक वेळा शेपटीचे स्नायू आखडलेले असतात, गार पाण्यात जास्त पोहल्यावर होतं, काही दिवसांच्या आरामात जातं, पण पहिल्यांदा होत असेल तर एकदा दाखवून घ्या.

जेवण लगेच नको, श्वास शांत होऊ द्या. आणि पुढच्या वेळी नवी वाट शोधायला जाऊ नका, तीच धरा, तेच दगड, तीच उतरायची जागा, फक्त शिट्टी जरा लांबून वाजवून बघा. वासात गुंतलेला असताना पहिल्या शिट्टीला वळतो का ते कळेल, आणि लांब पट्टा किती दिवस ठेवायचा ते त्यावरून ठरवा.